नळ बंद, तरी गॅस गीझर पेटतोय: कारण कसं शोधायचं

गेल्या डिसेंबरात रात्री अडीच वाजता आमच्या मागच्या गॅलरीतनं आवाज आला. टक-टक-टक-टक, मग भप्प, मग जाळाची घरघर. अर्ध्या मिनिटात सगळं शांत. ही उठून बसली. "अहो, एवढ्या रात्री गीझर कोण लावलं?" घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही अंथरुणात. मी बाथरूममध्ये जाऊन बघितलं. नळ बंद, शॉवर बंद. परत येऊन आडवा झालो, तर तीन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

मी एकतीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होतो. सोलापूरबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, जॉबर म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. थांबलेल्या मागाची मला कधी भीती वाटली नाही. कोणी हात न लावता सुरू होणाऱ्या मागापासून मात्र मी दोन पावलं लांब उभा राहायचो, कारण कारखान्यात बोटं गेलेली बघितली ती तिथंच. गीझर तसाच, वर त्याच्या पोटात जाळ आणि शेजारी सिलिंडर.

म्हणून पुढं वाचण्याआधी उठा आणि गीझरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून या. मी जी तपासणी सांगणार आहे ती, पुढं येणारी पाइपवर हात ठेवायची परीक्षा सोडली तर, सगळी गॅस बंद ठेवूनच करायची. ठिणगी सेलवर पडते, तिला गॅस लागत नाही, आणि आपल्याला सुरुवातीला फक्त ठिणगी कधी पडते तेवढंच बघायचंय. गॅसचा वास येत असेल तर तीही तपासणी नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, फरशीलगत साठतो. दारं-खिडक्या उघडा, कुठलंही बटण दाबू नका, चालू असलेला दिवासुद्धा बंद करायला जाऊ नका, घराबाहेर येऊन १९०६ ला फोन लावा. तो नंबर गॅसगळतीसाठीच आहे.

यंत्राला पाणी आल्याचं कळतं कसं

गॅस गीझरला थर्मामीटर बघून पेटण्याइतकी अक्कल नसते. पाणी वाहतंय का, एवढंच त्याला कळतं. पाणी आत शिरतं तिथं एक धातूची डबी असते, तिच्यात रबराचा पडदा. मिस्त्री लोक त्याला डायफ्राम म्हणतात. पाणी वाहायला लागलं की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा एका अंगाला सरकतो आणि त्याला टेकलेली बारीक पिन पुढं जाते. पिन एका चिमुकल्या मायक्रोस्विचला हलवते. स्विच कंट्रोल बॉक्सला कळवतो, बॉक्स दोन जाड्या सेलांच्या ३ व्होल्टवर ठिणग्या पाडतो आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. जाळ लागला की सेन्सरची काडी तसं कळवते, ठिणग्या थांबतात. नळ बंद केला की पडदा मागं, पिन मागं, गॅस बंद. जाळ लागलाच नाही तर काही सेकंद टकटक करून बॉक्स आपसूक गप्प बसतो.

मागाला असाच एक फोर्क असतो. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा आहे की तुटला, हे तो चाचपतो आणि धागा नसला की माग थांबवतो. फोर्कमध्ये रुई अडकली की तो खोटं बोलायला लागतो. नवा जॉबर मोटार बघत बसतो, जुना आधी फोर्क बघतो.

गीझरचंही तेच. पाणी वाहतंय असा निरोप मिळाल्याशिवाय तो पेटत नाही. निरोप खरा असेल तर घरात कुठंतरी खरोखर पाणी वाहतंय, दोष नळकामात आहे आणि गीझर बिचारा प्रामाणिक आहे. निरोप खोटा असेल तर पिन, स्विच किंवा बॉक्स बिघडलाय. हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. मी घेतला होता, म्हणजे मिस्त्रीला घ्यायला लावला होता. साडेसहाशे रुपये देऊन नवा डायफ्राम बसवला आणि त्याच रात्री पुन्हा टक-टक-टक.

खरं की खोटं

रेग्युलेटर बंद, सेल जागेवर, घरातले सगळे गरम पाण्याचे नळ बंद. आता गीझरला थंड पाणी देणारा अँगल कॉक, म्हणजे इनलेटचा छोटा नळ, पूर्ण बंद करा. तो कॉकच नसेल तर आधी बसवून घ्या, नसला तर कुठलीच दुरुस्ती नीट करता येत नाही.

कॉक बंद ठेवून वाट बघा. तुमचा गीझर जितक्या वेळानं पेटतो त्याच्या दुप्पट वेळ तरी बसा. पाणी आत येऊच शकत नाही, तरी टकटक झाली, तर निरोप खोटा. झाली नाही, तर कॉक उघडा, नळ बंदच ठेवा आणि पुन्हा बसा. आता टकटक झाली तर पाणी तुमच्या नकळत कुठंतरी निघालंय.

मी सकाळी सहाला गॅलरीत स्टूल टाकून बसलो. कॉक बंद असताना दीड तास काही नाही. कॉक उघडल्यावर आठ वाजून पाच, मग आठ चव्वेचाळीस, मग नऊ सव्वीस. मी कॅलेंडरच्या मागं वेळा लिहीत होतो. ही पोह्याची ताटली देऊन म्हणाली, "मिलमध्ये नव्हता लावला एवढा वेळ."

वेळा लिहा, त्यात बरंच कळतं. चाळीस-चाळीस मिनिटांनी ठोक्यानं येत असेल तर कुठलीतरी टाकी हळूहळू रिकामी होऊन परत भरतेय. शेजारी किंवा भाडेकरू उठतात त्या वेळेला येत असेल तर त्यांच्या नळाशी संबंध आहे. मोटार किंवा प्रेशर पंप सुरू होतानाच येत असेल तर दाबाचा धक्का. आणि कशाचाच मेळ लागत नसेल तर परत स्विचकडं वळा.

निरोप खरा असेल तर

आमचं घर अशोक चौकातनं आत गेलं की जुन्या वस्तीत आहे, खाली आम्ही, वर भाडेकरू. त्या वेळी महापालिकेचं पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, मधे बोअरचं चढवायचो, दोन्ही एकाच टाकीत. त्यामुळं पाणी कडक. तव्यावर पाणी शिंपडलं तर पांढरा डाग राहतो, तर नळीच्या आत काय होत असेल बघा. दिवाळीत वरच्यांनी शॉवरला जोर नाही म्हणून टाकीखाली प्रेशर पंप बसवून घेतला. मी हो म्हणलं, कारण खालीही जोर येणार होता. त्या वेळी मला वाटलं नव्हतं की ह्याचा गीझरशी काही संबंध लागेल.

घरातली प्रत्येक पाण्याची जागा बघितली. कुठं ठिबक नाही, भिंत ओली नाही. दुसरा मिस्त्री आला, त्यानं "काका, पाणी उलटं फिरतंय, एनआरव्ही लागंल" म्हणून गीझरच्या गरम पाण्याच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. निदान निम्मं बरोबर, जागा चुकीची. ती का चुकीची, ते पुढं सांगतो, कारण ही चूक बऱ्याच घरांत बघितली.

उलगडा झाला तो हातानं. संध्याकाळी गॅस उघडा ठेवून खिडकीपाशीच थांबलो. पेटल्याबरोबर बाथरूममधल्या एकेका पाइपवर तळवा ठेवत गेलो. गरम पाण्याचा पाइप तापला, ते ठीक. मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणारा नळ, तोही तापला. मग मिक्सरला थंड पाणी देणारा पाइप तापला. आणि तिथनं पुढं शौचालयाच्या फ्लशकडं जाणारी नळी कोमट. थंड पाण्याची नळी कोमट! फ्लशच्या टाकीचं झाकण काढलं तर आत कोमट पाणी आणि बॉल कॉक, म्हणजे टाकी भरणारा तरंगत्या गोळ्याचा नळ, सुरू.

आता सगळी साखळी सांगतो, कारण ह्यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी निरुपद्रवी आहे.

फ्लशच्या टाकीतलं तळाचं रबरी वॉशर झिजलं होतं. पाणी इतकं बारीक झिरपायचं की भांड्यात दिसायचं नाही. चाळीस मिनिटांत पातळी उतरली की बॉल कॉक उघडायचा आणि अर्धा मिनिट टाकी भरायची. ते पाणी थंड पाइपातनं यायला हवं. पण आमचा थंड पाण्याचा पाइप जुना, लोखंडी, आतनं क्षारानं आवळलेला. गीझरची लाइन मात्र नवी, सीपीव्हीसी प्लास्टिकची, मोकळी. दोन्ही लाइनी मिक्सरमध्ये भेटतात. मिक्सरच्या दोन्ही चाव्या बंद असत्या तर काही झालं नसतं. पण मिक्सरला टेलिफोन शॉवर आहे, त्याच्या मुठीवर बटण. माझी सवय अशी की चाव्या एकदा जमवून ठेवायच्या आणि रोज नुसतं बटण दाबून पाणी बंद करायचं. म्हणजे बाहेर पाणी येत नाही, पण मिक्सरच्या पोटात गरम आणि थंड लाइन दिवसरात्र एकमेकींना जोडलेल्या. फ्लशनं पाणी ओढलं की पाणी आवळलेल्या वाटेनं कशाला जाईल? ते गीझरमधनं, मिक्सरमधनं वळसा घालून फ्लशकडं जायचं. पूर्वी टाकीचा जोर कमी होता, तेवढ्या धारेनं पडदा हलत नव्हता. प्रेशर पंपानं जोर दिला आणि पडदा हलायला लागला.

म्हणजे रोज पस्तीसएक वेळा आम्ही फ्लशचं पाणी गॅसवर तापवत होतो. गीझरला वेगळा सिलिंडर आहे, १४.२ किलोचा. तो आधी ४५ दिवस जायचा, दिवाळीनंतरचा पंचवीस दिवसांतच संपला. तेव्हा मला वाटलं थंडी वाढली. हिशोब केला असता तर तिथंच कळलं असतं: अशा गीझरला तासाला किलोच्या आसपास गॅस लागतो, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे पस्तीस-छत्तीस जाळ म्हणजे दिवसाला अठरा मिनिटं, म्हणजे पाव किलोहून जास्त. सिलिंडर कारण नसताना लवकर संपला तर गळतीची तपासणी कराच, आणि हीही शंका घ्या.

तुमच्याकडं असं असेल का, ते बघायला पाइपवर हात ठेवणं ही सगळ्यात सोपी परीक्षा. त्याआधी आणखी एक करा: सगळ्या मिक्सरांच्या दोन्ही चाव्या घट्ट बंद करा आणि एक रात्र बघा. टेलिफोन शॉवर, हेल्थ फॉसेट, वॉशिंग मशीनला दिलेली गरम-थंड दोन्ही नळ्यांची जोडणी, ह्या तीन जागा मुख्य. टकटक थांबली तर शोध संपला. एक दांडीवाल्या मिक्सरची आतली गोळी झिजली असेल तर दांडी बंद असूनही आत पाणी इकडचं तिकडं जातं, मग मिक्सरखालचे दोन्ही अँगल कॉक बंद करून बघावं लागतं.

फ्लश झिरपतोय का हे बघायला टाकीत चमचाभर हळद टाका आणि अर्धा तास कोणी वापरू नका. भांड्यात पिवळं उतरलं की वॉशर गेलं. कुंकू टाकू नका, आमच्या टाकीच्या प्लास्टिकवर अजून गुलाबी रेघ आहे.

आता त्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची गोष्ट. त्याच्या अंगावर बाण असतो, पाणी फक्त बाणाच्या दिशेनं जातं. आमच्या गीझरमधनं पाणी उलटं जात नव्हतंच. ते सरळच जात होतं, गीझरमधनं मिक्सरकडं. उलटं जात होतं ते पुढं, मिक्सरमधनं थंड पाइपात. म्हणून गरम तोंडाशी बसवलेला व्हॉल्व्ह त्याला अदबीनं वाट करून देत होता. तो बसवायचा मिक्सरला थंड पाणी देणाऱ्या फांदीवर, फ्लशकडं फाटा फुटतो त्या टी-च्या पुढं, बाण मिक्सरकडं. मग मिक्सरमधलं पाणी थंड लाइनीत परत येऊच शकत नाही. मिस्त्रीला हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा पटलं. तुम्हीही मिस्त्रीला बोलावण्याआधी तुमच्या पाइपांचं चित्र काढा, बाणासकट. वाकडंतिकडं चालतं.

प्रेशर पंपाचं वेगळं थोडक्यात. पंप सुरू होताना एखादीच टक होऊन लगेच गप्प होत असेल, तर बहुतेक गरम लाइनीत हवा अडकलीय. धक्क्यानं पाणी आत घुसतं, हवा दाबली जाते, तेवढ्यापुरता पडदा हलतो. वरच्या टोकाचा गरम नळ दोन-तीन मिनिटं मोठा सोडून हवा काढा, गीझरचा इनलेट कॉक थोडा आवळा. पंप कोणी पाणी वापरत नसताना सारखा चालू-बंद होत असेल तर कुठंतरी गळतंय, ते आधी.

निरोप खोटा असेल तर

हा प्रकार जास्त वाईट. माझी अक्का होटगी रोडला राहते, तिच्याकडं नुसतं बोअरचं पाणी. तिच्या गीझरचं उलटं झालं: आंघोळ झाली, नळ बंद केला, जाळ विझेना. पाणी वाहत नसताना जाळ चालू राहिला की आतल्या तांब्याच्या नळीतलं पाणी उकळायला लागतं. तिनं फोनवर सांगितलं, "आत कोणीतरी खडे टाकून डबा हलवल्यागत वाजतंय." मी म्हणलं, आधी रेग्युलेटर बंद कर, मग बोल. आणि लगेच नळ उघडू नको, वाफ अंगावर येईल. पंधरा मिनिटांनी, तोंड लांब ठेवून, हळू उघड.

चांगल्या गीझरमध्ये जास्त तापल्यावर गॅस तोडणारा कटआउट असतो, पण तो शेवटचा बांध आहे. नळ बंद केल्यावर जाळ दोन-तीन सेकंदांत विझला नाही, तर तो गीझर दुरुस्त होईपर्यंत वापरायचा नाही. "मी लक्ष ठेवून वापरते" हे चालत नाही, अक्कालाही मी हेच सांगितलं, ती रागावली.

झालं काय होतं? पिनीवर क्षाराची पांढरी साय चढली होती. पाण्यानं पिन पुढं ढकलली, परत येताना ती अडकली.

आधी पिन की स्विच ते ठरवा. रेग्युलेटर बंद, इनलेट कॉक बंद, गीझरचं पुढचं झाकण काढलेलं. मायक्रोस्विचमधनं कंट्रोल बॉक्सकडं जाणाऱ्या दोन बारीक वायरींचं सॉकेट असतं, ते ओढून वेगळं करा. तरीही ठिणग्या पडत असतील तर बॉक्स गेला, बहुतेक वाफेच्या ओलीनं. तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा नवा घ्या. ठिणग्या थांबल्या तर दोष स्विचात किंवा पिनीत. स्विचची पत्ती नखानं दाबून सोडा, दोन्ही वेळा स्वच्छ टिच् असा आवाज यायला हवा. आवाज मऊ किंवा येतच नाही, तर स्विच बदला. आवाज नीट आहे, तर पिन.

पिनीचं काम पाण्याच्या बाजूचं आहे, ते हात सरावलेल्या माणसाला घरी जमतं. गॅसच्या बाजूचा एकही स्क्रू सोडायचा नाही. कुठली बाजू कुठली हे ओळखता येत नसेल तर इथंच थांबा आणि माणूस बोलवा, त्यात कमीपणा नाही.

सेल काढा. सिलिंडरचा रेग्युलेटर नुसता बंद न ठेवता काढूनच ठेवा. कॉक बंद करून खालचा नळ उघडा, उरलेलं पाणी उतरू द्या. मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा, मग डबीचे स्क्रू सोडा. आत पडदा, त्यावर एक चकती, चकतीला पिन, आणि स्प्रिंग. स्प्रिंग उडून गॅलरीतनं खाली पडते, म्हणून खाली जुनी सोलापुरी चादर पसरा, जाड असते, पडलेली वस्तू उसळत नाही. पडद्याची कुठली बाजू वर होती ते बघून ठेवा. पाणी येतं त्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यात टँकरच्या पाण्याची वाळू भरलेली सापडेल. ती झटका.

पिन आणि पितळी भाग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, किराणा दुकानात मिळतं. क्षार फेसाळून सुटतो. मग साध्या पाण्यानं धुवून कोरडं करा. पिनीला पॉलिश पेपर लावायचा मोह होतो, लावू नका. बारीक ओरखडे पडले की त्यातनं पाणी झिरपायला लागतं आणि पुढं क्षार तिथंच धरतो.

आणि तेल. इथं माझी चूक सांगतो. मागाच्या स्पिंडल ऑइलची बाटली घरात होती. आयुष्यभर कुरकुरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ते लावलं, म्हणून पिनीला आणि पडद्याच्या मधोमध दोन थेंब लावले. पंधरा दिवसांत पडदा फुगून पापडासारखा वाकडा झाला. खनिज तेलानं रबर फुगतं, हे मला माहीत होतं, मागाच्या रबरी पिकरला तेल लागलं की शिव्या घालणारा मीच होतो. पण हाताची सवय. लावायचं तर सिलिकॉन ग्रीस, मोहरीएवढं, फक्त पिनीला. खोबरेल नको, थंडीत गोठतं.

पडदा ताणून उजेडात धरा. सुईच्या टोकाएवढं भोक किंवा भेग दिसली तर नवा घाला. बसवताना स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. एकच बाजू आधी आवळली तर पडदा तिरका बसतो आणि पिन पुन्हा अडकते.

जोडल्यावर आधी फक्त पाणी सोडा, ठिबक बघा. मग सेल घाला, नळ दहा वेळा उघडा-बंद करा: उघडला की टकटक, बंद केला की लगेच गप्प. हे दहाही वेळा बरोबर झालं तरच रेग्युलेटर बसवा. सांध्यांना साबणाचा फेस लावा, बुडबुडा फुगतो का बघा. काडी ओढून गळती बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्याबद्दल मी काय बोलू. पहिला जाळ लावताना तोंड लांब ठेवा.

भप्प असा मोठा आवाज करून पेटणारा गीझर, पिवळा जाळ, वर काजळी: हे तिन्ही गॅसच्या बाजूचे दोष, ते मिस्त्रीचंच काम.

ज्यांचा गीझर बाथरूमच्या आत आहे

तुमचा शोध नंतर, आधी गीझर बाहेर काढा. नीट न जळलेल्या गॅसातनं कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि दरवर्षी हिवाळ्यात बंद बाथरूममध्ये माणसं त्यानं जातात. आपोआप पेटणारा गीझर तर कोणी जागं नसताना पेटतो. आमचा उघड्या गॅलरीत होता म्हणून मी हे निवांत लिहितोय. जागाच नसेल तर गीझर दुरुस्त करत बसण्यापेक्षा इलेक्ट्रिक घ्या.

इलेक्ट्रिकवाले विचारतील, आमचाही मधेच आपोआप लागतो, लाल दिवा पेटतो. ते त्याचं कामच आहे. साठवलेलं पाणी निवलं की थर्मोस्टॅट त्याला परत चालू करतो. वापर झाला की बटण बंद करा, बिल वाचेल. फक्त दिवा विझतच नसेल, नळातनं वाफ येत असेल किंवा सेफ्टी व्हॉल्व्हमधनं गरम पाणी उडत असेल तर एमसीबी पाडा आणि माणूस बोलवा.

सोलर आणि गॅस गीझर एकाच गरम लाइनीला जोडले असतील तर मात्र वरची सगळी मिक्सरची कथा तुम्हालाही लागू आहे. फक्त मिक्सरच्या जागी तो टी धरा, आणि दोन्ही फांद्यांवर व्हॉल्व्ह हवा. आपल्याकडं मे महिन्यात टाकीतलंच पाणी अंगाला चटका देतं, तेव्हा गीझरचे सेल काढून ठेवले तरी चालतं. काढाच, नाहीतर ते फुटून आत बुरशीसारखा पांढरा थर धरतो.

आमच्याकडं शेवटी काय काय झालं: फ्लशचं वॉशर बदललं, व्हॉल्व्ह थंड फांदीवर हलवला, लोखंडी पाइपचा तुकडा काढून नवा टाकला. मी चाव्या बंद करायला शिकलो, हे हिच्या मते सगळ्यात अवघड काम होतं.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे यात्रेला, पाहुणे आले, घरात अकरा माणसं. रात्री साडेअकराला मी बाथरूममध्ये गेलो तर मिक्सरच्या दोन्ही चाव्या पूर्ण सोडलेल्या, टेलिफोन शॉवरचं बटण दाबलेलं. कोणा भाच्याचं काम. मी चाव्यांना हात लावला नाही. गॅलरीत स्टूलवर जाऊन बसलो. आत कोणीतरी फ्लश ओढला, टाकी भरायला लागली, बॉल कॉकची शीळ ऐकू आली. मी गीझरच्या काचेकडं बघत होतो. टाकी भरली, शीळ थांबली, काच काळीच. मग दुसऱ्यानं ओढला. तेव्हाही काळीच. तिसऱ्या फ्लशची वाट बघत होतो, तेवढ्यात ही दारात आली, म्हणाली, "पाहुण्यांना काय सांगू, मालक संडासाच्या मागं बसून मोजतायत म्हणून?"